उत्तर ‘सेफ’, पट्टी मात्र झुकलेली

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणित सुटले म्हणजे डिझाइन जमले, असे आपण धरून चालतो. एक साधी पट्टी घ्या. माइल्ड स्टीलची, २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड, भिंतीतून १५० मिमी पुढे आलेली, टोकाला ५ किलो वजन. मुळाशी ताण साधारण २०० मेगापास्कल येतो. यील्डची मर्यादा, म्हणजे ज्या ताणापुढे पट्टी कायमची वाकते तो ताण, २५० धरली, की विद्यार्थी ‘सेफ’ लिहून खाली दोन रेघा ओढतो. पण हीच पट्टी टोकाला सुमारे ५ मिमी खाली झुकते! किती झुकलेले चालेल हे प्रश्नपत्रिकेत नसते, म्हणून कुणी विचारतही नाही.

जाडी ६ मिमी केली तर झोक आठपटीने घटून ०.६ मिमीवर येतो, पण वजन दुप्पट होते. खालून तिरका टेकू दिला तर ३ मिमीत भागते, पण वेल्डिंग वाढते. पट्टीची कड दुमडली तर वेल्डिंगही वाचते. मात्र स्क्रूचे भोक दुमडीला फार जवळ असेल तर दुमडताना ते लांबट होते. नग दहा करायचे की दहा हजार, यावर निवड ठरते. हा विचार सूत्रात बसत नाही, तो करायला लावावा लागतो.

त्यासाठी अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टची वाट पाहू नये. तिथे चूक सुधारायला वेळच उरत नाही. पहिल्या वर्षापासून दर सत्रात चार आठवड्यांचे एक छोटे काम द्यावे, गट तीन-चार जणांचाच. आधी अपेक्षा आकड्यांत लिहायची: ‘मजबूत हवे’ नव्हे, तर ‘५ किलोला १ मिमीपेक्षा जास्त झुकू नये’. मग हाताने काढलेली तीन वेगळी स्केचेस, त्यातल्या एकाचे पुठ्ठ्याचे पूर्ण मापाचे मॉडेल, आणि त्यानंतरच संगणक. स्क्रीनवर बोल्ट आपोआप जागेवर बसतो. प्रत्यक्षात एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टला १३ मिमीचा पाना लागतो, आणि पान्याचे तोंड १५ अंश तिरके असल्याने पाना उलटसुलट करत बोल्ट आवळला, तरी दर वेळी पाना ३० अंश फिरायला जागा हवी. ती नाही, हे पुठ्ठ्याचे मॉडेल हातात घेतले की लगेच कळते.

शेवटी वस्तू वर्कशॉपमध्ये स्वतः बनवून, वजन टांगून डायल गेजने (मिमीचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) झोक मोजावा. तो बहुधा हिशेबापेक्षा जास्त भरतो, कारण सूत्र भिंतीकडचे टोक पूर्ण पक्के धरते आणि खरे स्क्रू थोडे तरी हलतात. हा फरक का आला आणि त्यावरून दुसऱ्या नमुन्यात काय बदलले, यालाच १००पैकी किमान ४० गुण असावेत. सगळे गुण पहिल्याच नमुन्याच्या यशाला दिले, तर मुले गरजेपेक्षा दुप्पट जाड पट्टी लावून मोकळी होतात आणि चुकलेले मोजमाप फाइलमध्ये येतच नाही.

— यंत्र अभियांत्रिकीचा एक अध्यापक