काका, तुमच्या पेटीवरच्या ‘सा’साठी

आदरणीय काका,

तिवसा तालुक्यात आपल्या गावी तुम्हाला सगळे पेटीवाले काका म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही.

दहावीच्या सराव परीक्षेत गणिताचा पेपर हातात आला आणि मला साधं पायथागोरसचं प्रमेय आठवेना. हात घामानं ओले. त्यानंतर पेपरच्या सकाळी उलटी ठरलेलीच. हरभरा सोंगायला निघालेले बाबा दारातून म्हणायचे, “येते ना तुले सगळं!” खरंच येत होतं, रात्री आजीसमोर मी घडाघडा म्हणून दाखवायची. पण घरी येणारे-जाणारे सांगत, अभ्यास कमी पडतो हिचा. ते वाक्य अजून लागतं.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. देवळात भजनाआधी पेटी पुसत होता. “काहून भेतं वं पोरी?” एवढंच विचारलंत आणि मी रडले. तुम्ही भाता हलवला, काळी चारचा सा धरला. “श्वास सरेपर्यंत धर.” पहिल्या दिवशी पाच मोजेपर्यंत आवाज तुटला. मग रोज संध्याकाळी तुम्ही खंजिरीवर बोटानं हळूहळू मोजायचे. परीक्षा आली तोवर मी पंधरापर्यंत पोचले होते.

पुढे बारावीच्या जीवशास्त्रात मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता वाचली आणि तुमचा भाता आठवला. श्वास लांबवून सोडला की तिचा हृदयावरचा लगाम आवळला जातो, ठोके मंदावतात. लांब सूर म्हणजे लांब उच्छ्वासच की! मोझरीचं गुरुकुंज इतक्या जवळ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला आपला मुलूख, आणि या भीतीवरचा उतारा देवळातच आहे हे मला तुमच्यामुळे कळलं.

कानात गाणी लावून वाचायची माझी सवयही तुम्हीच मोडली. “शब्दाचं गाणं अन् इतिहासाचा धडा एकाच डोक्यात कसे मावतीन?” मग मोबाइलवर नुसता तानपुरा, तोही वाचायला बसण्याआधी दहा मिनिटं.

गणिताच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होते. मोबाइल आईकडे. तोंड मिटून सा गुणगुणला, बोटांनी मांडीवर मोजत. भीती गेली नाही, काका. पहिल्या प्रश्नाला हात थरथरलाच. पण उलटी झाली नाही, आणि दुसऱ्या प्रश्नापासून जे येत होतं ते कागदावर उतरत गेलं. सुरानं मला गणित शिकवलं नाही, पण माझं गणित मला परत मिळवून दिलं.

यंदा धाकटा दहावीला आहे. परवा जेवताना त्याचा घास अडकला तेव्हाच ओळखलं. तुमच्या पेटीचा एक सूर अडकतो असं तुम्ही म्हणत होता ना? शनिवारी अमरावतीला जाते आहे, दुरुस्तीला घेऊन जाईन. रविवारी त्याला घेऊन देवळात येते.

तुमची,
समोरच्या वाड्यातली पोरगी