अहवाल लिहिताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. परीक्षेत एका विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत मायक्रो झेरॉक्स, म्हणजे बारीक अक्षरांतली कॉपी सापडली, तू काढून घेतलीस आणि सर म्हणाले, ‘जाऊ द्या मॅडम, पोराचं वर्ष जाईल.’ तू तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी तुला बोलवायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. तुझी भीती मला कळते गं.

तरीही अहवाल लिही.

१९९४ साली मी एकाला सोडलं होतं. एस. वाय.चा पेपर, शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा, बाहीत घडीवर घडी घालून बोटाएवढी केलेली चिठ्ठी. त्याचा घाम फुटलेला चेहरा बघून मला दया आली. चिठ्ठी फाडली, तुकडे खिडकीबाहेर टाकले, ‘पुन्हा करू नकोस’ म्हटलं. मागच्या बाकावरच्या मुलीने हे सगळं पाहिलं. ती रोज एसटीने दीड तास प्रवास करून यायची. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका माझ्या हातात देताना तिने खाली बघूनच विचारलं, ‘मॅडम, त्याचा पेपर पण आमच्याबरोबरच तपासणार?’ मी काहीच बोलू शकले नाही. शाईने माखलेली तिची बोटं मला अजून दिसतात. मी दया केली, ती तिच्या जिवावर.

सरांना मुलाची काळजी वाटत असेल, खोटं कशाला म्हणू? पण वर्ष जाईल की नाही हे त्यांनीही ठरवायचं नाही आणि तूही नाही. त्यासाठी समिती असते. ती मुलाला बोलावते, त्याचा खुलासा घेते. तुझं काम पाहिलेलं लिहिण्यापुरतं. चिठ्ठीवर त्याची सही, तुझी सही आणि वेळ आहे ना? पहिली उत्तरपत्रिका जमा करून त्याला दुसरी दिलीस, हे फार बरं केलंस. आता शब्द जपून वापर. ‘कंपासपेटीच्या झाकणात सापडली’ हे तू पाहिलंस, ते लिही. ‘त्यातून उतरवत होता’ हे पाहिलं नसशील, तर अजिबात लिहू नकोस. जवळ बाळगणं वेगळं, उतरवणं वेगळं. त्या एका वाक्यावर त्याची शिक्षा बदलते. आणि परीक्षांतल्या गैरप्रकारांवर आपल्या राज्यात १९८२ पासून कायदा आहे म्हणून त्याला पोलिसांची भीती घालू नकोस. वर्गात त्याचं नावही काढू नकोस.

दुसऱ्या मुलाची असाइनमेंट मात्र मला निराळी वाटते. सॉफ्टवेअरने ‘एआयने लिहिलेली’ असं दाखवलं म्हणतेस. तेवढ्यावर कुणाला चोर ठरवू नकोस. ही सॉफ्टवेअरं चुकतात, स्वतः लिहिणाऱ्यालाही पकडतात. तू ज्या यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांचा आधार घ्यायला निघालीस, त्यातले दहा, चाळीस, साठ टक्क्यांचे टप्पे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचे आहेत, आणि तेही प्रबंध, शोधनिबंध यांसाठी. असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टच वगळल्या आहेत. म्हणजे इथे टक्केवारी तुला सोडवणार नाही, तुलाच त्याच्याशी बोलावं लागेल. त्याला स्टाफरूमबाहेर, निवांत बोलाव. त्याच्याच लिखाणातला एक परिच्छेद समोर ठेव आणि विचार, हे तुझ्या शब्दांत सांग बरं. स्वतः लिहिलं असेल तर तो अडखळत का होईना, सांगेल. नाही सांगता आलं, तर पुन्हा लिहून आणायला सांग, आणि या वेळी कच्चा मसुदाही मागून घे.

उद्या पुढच्या वर्षीचे तास नाही मिळाले, तर आपण बघू. घर आहे, माझी पेन्शन आहे. त्या धास्तीने पेन खाली ठेवू नकोस.

पाठवण्याआधी अहवाल मला फोनवर वाचून दाखव. रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी,
आई