‘५०० मिमीचा फोटो सेन्सर’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यांतल्या स्वयंचलनाबद्दल वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात रोबो आणि सॉफ्टवेअर यांचीच चर्चा असते. उत्पादनाची लाइन मात्र पुष्कळदा अंगठ्याएवढ्या फोटो सेन्सरपायी, म्हणजे वस्तू समोर आली की नाही हे प्रकाशावरून ओळखणाऱ्या उपकरणापायी, थांबते. मेंटेनन्सवाले तो बदलतात, नवाही आठवड्याभरात तसाच वागतो आणि मग कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. अशा वेळी सेन्सर बहुधा धडधाकट असतो, निवड चुकलेली असते. खरेदीच्या कागदावर ‘फोटो सेन्सर, २४ व्होल्ट डीसी, रेंज ५०० मिमी’ एवढेच लिहिलेले असते, आणि चुकीची सुरुवात तिथेच होते.

वस्तूवर पडून परत आलेला प्रकाश ओळखणाऱ्या डिफ्यूज सेन्सरची रेंज कॅटलॉगमध्ये सहसा पांढऱ्या कागदावर मोजलेली असते. हा कागद सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवतो, तर काळा मॅट पृष्ठभाग जेमतेम ६ टक्के. म्हणजे पंधरावा हिस्सा. त्यामुळे साध्या डिफ्यूज सेन्सरची ५०० मिमीची रेंज काळ्या रबरी भागावर सव्वाशे-दीडशे मिमीवर येऊ शकते. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकापर्यंत फिरवतो. काळा भाग दिसू लागतो, पण पलीकडची स्टीलची रेलिंगही दिसू लागते. आता बेल्ट रिकामा असला तरी आउटपुट, म्हणजे ‘वस्तू आहे’ हा सिग्नल, चालूच राहतो.

अशा ठिकाणी बॅकग्राउंड सप्रेशनचा सेन्सर घ्यावा. तो किती प्रकाश परत आला हे न पाहता तो कोणत्या कोनातून आला हे पाहतो, म्हणून काळा आणि पांढरा खोका त्याला जवळजवळ सारख्याच अंतरावर दिसतो. त्याचीही दोन पथ्ये आहेत. मागे चकचकीत पत्रा असेल तर सेन्सर थोडा तिरका बसवावा, म्हणजे थेट परावर्तन प्रकाश टिपणाऱ्या रिसीव्हरमध्ये घुसत नाही. आणि वस्तू सेन्सरच्या दोन्ही लेन्स (एक प्रकाश सोडणारी, दुसरी टिपणारी) जोडणाऱ्या रेषेला आडवी जाईल असे पाहावे. त्या रेषेच्या दिशेने वस्तू आली तर कड पुढे सरकताना प्रकाशाचा ठिपका अर्धवट झाकला जातो आणि आउटपुट वेळेआधी किंवा उशिरा बदलतो. जागेअभावी ब्रॅकेट नव्वद अंशांत फिरवून बसवला की हा दोष हमखास निर्माण होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

धूळ, तेलाचा धूर, वाफ यांत खात्रीचा म्हणाल तर थ्रू-बीम. त्याचा प्रकाश सोडणारा एमिटर एका बाजूला आणि रिसीव्हर दुसऱ्या बाजूला असतो, मधे आलेली वस्तू प्रकाश अडवते. दोन ठिकाणी वायर ओढावी लागते म्हणून तो टाळला जातो, पण जिथे लाइन थांबणे महागात पडते तिथे ही काटकसर अंगाशी येते. वस्तू मात्र लेन्सपेक्षा मोठी हवी. बारीक तार किंवा पिन पाहायची असेल तर लेन्सपुढे स्लिट, म्हणजे अरुंद फटीची पट्टी, लावावी. स्लिटमुळे प्रकाश कमी होतो आणि अंतरही घटते, हे आधीच हिशेबात धरावे.

रिफ्लेक्टरवाला रेट्रो सेन्सर डिफ्यूज आणि थ्रू-बीम या दोहोंच्या मधला. समोरच्या रिफ्लेक्टरवरून परत येणारा प्रकाश वस्तूने अडवला की तो ओळखतो. चकचकीत डबा स्वतःच रिफ्लेक्टरसारखा वागतो, म्हणून पोलराइज्ड फिल्टरचाच मॉडेल घ्यावा. प्रिझमच्या रिफ्लेक्टरवरून परतताना प्रकाशाचे ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) बदलते, पत्र्यावरून बदलत नाही. फिल्टर हा फरक ओळखतो. रिफ्लेक्टरऐवजी लावलेल्या स्टिकरसारख्या चमकत्या पट्ट्या काही फिल्टरवाल्या सेन्सरबरोबर चालत नाहीत. पारदर्शक पेट बाटलीसाठी तर पारदर्शक वस्तूंचाच खास सेन्सर लागतो, कारण बाटली प्रकाश थोडासाच अडवते आणि साध्या सेन्सरला तेवढा फरक कळत नाही.

रेंजपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे एक्सेस गेन. आउटपुट बदलायला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या किती पट रिसीव्हरवर पोहोचतो, ते हा आकडा सांगतो. स्वच्छ जागी दीड पट पुरतो, थोडी धूळ असेल तर ५ पट, लेन्सवर थर बसत असेल तर १० पट आणि अगदी घाणेरड्या जागी ५० पट धरण्याचा प्रघात आहे. कॅटलॉगमधली कमाल रेंज म्हणजे हा आकडा जवळपास १ वर येतो ती जागा. तिथे बसवलेला सेन्सर पहिल्या दिवशी चालतो आणि लेन्सवर धूळ साचली की बंद पडतो. थ्रू-बीममध्ये अंतर निम्मे केले की प्रकाश साधारण चौपट मिळतो, म्हणून १० मीटरचा सेन्सर ३ मीटरवर वापरणे ही उधळपट्टी नव्हे.

वेगाचा हिशेब तर क्वचितच कोणी मांडतो. बेल्ट सेकंदाला २ मीटर धावत असेल तर २० मिमीचा भाग सेन्सरसमोर फक्त १० मिलिसेकंद असतो. सेन्सरचा प्रतिसाद १ मिलिसेकंदाचा असल्याने तो भाग पाहतो, त्याचा दिवाही लुकलुकतो. पण पीएलसीचा, म्हणजे लाइन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचा, स्कॅन (इनपुट वाचण्याची एक फेरी) १२ मिलिसेकंदांचा असेल, वर इनपुट फिल्टरचा वेळ, तर काही भाग मोजलेच जात नाहीत. उपाय म्हणून सेन्सरमध्ये ऑफ-डिले, म्हणजे सिग्नल उशिरा बंद करण्याची सोय, टाकतात. त्याने सिग्नल लांबतो खरा, पण दोन भागांमधली फट तो गिळतो. फट १० मिमीची, म्हणजे ५ मिलिसेकंदांची असेल, तर दोन भाग मिळून एकच मोजला जाईल. तिथे स्कॅनची वाट न पाहता मोजणारा पीएलसीचा हायस्पीड काउंटर इनपुटच वापरावा लागतो.

वायरिंगमध्ये तपकिरी प्लस, निळी शून्य, काळी आउटपुट हे सगळ्यांना पाठ असते. गोंधळ होतो पीएनपी (आउटपुट प्लसला जोडणारा) आणि एनपीएन (आउटपुट शून्याला जोडणारा) यांचा. पीएनपीच्या जागी एनपीएन बसला तर सेन्सरचा दिवा लागतो, पीएलसीच्या इनपुटचा लागत नाही, आणि बिचारा फिटर तिसरा सेन्सर आणायला स्टोअरमध्ये जातो. लाइट-ऑन (प्रकाश मिळाला की आउटपुट चालू) की डार्क-ऑन (प्रकाश अडला की चालू) हेही वायर तुटल्यावर काय व्हावे याचा विचार करून ठरवावे. जॅम ओळखणारा थ्रू-बीम लाइट-ऑन ठेवला तर वायर तुटली काय, लेन्स मळली काय, पीएलसीला वस्तू अडकल्यासारखेच दिसते आणि लाइन थांबते. तिथे डिफ्यूज सेन्सर लावला, तर लेन्स मळल्यावर त्याला काहीच दिसत नाही आणि मागे खोक्यांचा ढीग साचत राहतो.

गरम पाण्याच्या दाबाने धुण्याची जागा असेल तर धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी ६७ हा दर्जा पुरत नाही, आयपी ६९के लागते. ॲक्रिलिकच्या लेन्सवर अल्कोहोलचे पुसणे फिरवले की कालांतराने तडे जातात. तिथे काचेची लेन्स मागावी. शेजारीशेजारी दोन थ्रू-बीम असतील तर एकाचा एमिटर आणि दुसऱ्याचा रिसीव्हर एका बाजूला येतील असे बसवावे, नाहीतर एकाचा प्रकाश दुसरा पकडतो.

खरेदी विभागाला आमची विनंती एवढीच, की मागणीपत्रात वस्तूचा रंग आणि चकाकी, तिच्या मागे काय आहे, बेल्टचा वेग, दोन वस्तूंमधली सर्वांत कमी फट, जागेची घाण आणि आउटपुटचा प्रकार हे लिहून घ्यावे. स्वस्त ‘समकक्ष’ मॉडेल पुढे आला की याच बाबी ताडून पाहाव्यात. उत्पादकांनीही काळ्या पृष्ठभागावरची रेंज आतल्या आलेखात न दडवता पहिल्याच पानावर छापावी.

प्रेस मशीनवर कामगाराचा हात वाचवण्यासाठी साधा फोटो सेन्सर लावलेला आढळतो, तो आजच काढावा. त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सिग्नल ‘सर्व ठीक’ असाच राहतो. तिथे आयईसी ६१४९६ या मानकाप्रमाणे स्वतःची सतत तपासणी करणारा टाइप ४ लाइट कर्टनच (प्रकाशकिरणांचा पडदा) हवा, आणि तोही योग्य अंतरावर. आयएसओ १३८५५ नुसार हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. मशीन थांबायला एकूण ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन धोक्याच्या जागेपासून किमान ४०० मिमी दूर हवा, आणि त्याच्या किरणांमधल्या अंतरानुसार त्यात आणखी भर घालावी लागते.

कळावे,
स्वयंचलन व देखभाल क्षेत्रातील आपले वाचक