घर खड्ड्यात नको, उतारात घाल

प्रिय बंड्या,

जमिनीखाली घर बांधण्याचे तू पाठवलेले सगळे व्हिडिओ बघितले, तो दाढीवाला गोरा घराच्या छपरावर बकऱ्या चारतोय तो पण बघितला. आयडिया भारी आहे यात वादच नाही, आणि तुला वेड लागलंय असं वहिनींना वाटत असेल तर त्यांना सांग की नंदूला तसं वाटत नाही. फक्त पनवेलजवळच्या नेऱ्याच्या प्लॉटवर दहा-बारा फूट खड्डा मारायचा, त्यात काँक्रीटचा डबा बसवायचा आणि वरून माती लोटायची हे जे तू डोक्यात घेऊन बसलायस ना, तेवढं सोड. जन्मभर पंप लावून पाणी उपसत बसशील.

आधी थंडाव्याचं बोलू, कारण तुझा सगळा जीव त्यात अडकलाय. जमिनीत दहा-पंधरा फूट खाली तापमान वर्षभर जवळजवळ सारखं राहतं हे खरंय, पण सारखं म्हणजे किती? तर त्या गावच्या हवेची वर्षभराची जी सरासरी असेल साधारण तेवढं. अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा घरांची लाट आली ती मिनेसोटासारख्या ठिकाणी, तिथं हिवाळ्यात बाहेर उणे वीस आणि मातीत आठ-नऊ डिग्री, म्हणजे हीटरचं अर्धं काम मातीनंच केलं. आपल्याकडे सरासरीच २७ च्या आसपास, मग माती पण २७. गारेगार वगैरे विसर. अर्थात २७ म्हणजे वाईट नाही हं, मी टॉप फ्लोअरला राहतो, मेमधे रात्री अकराला बेडवर उभं राहून स्लॅबला हात लावला तर इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखा लागतो, त्यापुढे २७ ची भिंत आणि वर पंखा म्हणजे चैन आहे. पण नीट बघ, ही चैन खोल गेल्यामुळे मिळत नाहीये, स्लॅबवर ऊन पडत नाही म्हणून मिळतेय. आणि ऊन अडवायला खड्डा लागत नाही.

दुसरं म्हणजे तू लिहिलंयस की जाड काँक्रीट उष्णता अडवतं. नाही अडवत रे. ते उष्णता पोटात साठवतं आणि उशिरा सोडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्सुलेशन म्हणून बघशील तर दहा इंची काँक्रीटची भिंत आणि जेमतेम अर्धा सेंटीमीटरची एक्सपीएसची (म्हणजे कडक, दाट फोमची) शीट, दोन्ही सारखेच. माती त्यापेक्षा बरी, पण कोरडी असेल तोवर, चिंब झाली की ती पण काँक्रीटच्याच पंगतीला. म्हणून छपरावर मातीच्या खाली आणि वॉटरप्रूफिंगच्या वर दोन इंच एक्सपीएस टाकायचंच, तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

आता पाण्याचं, मी इतका कुरकुरतोय तो यासाठी. ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी तू उदाहरण म्हणून दिलंस, लोक जमिनीत घरं कोरून मस्त राहतात. राहतील ना, तिथं वर्षाला जेमतेम दीडशे मिलीमीटर पाऊस! आपल्या ठाणे-पनवेल पट्ट्यात अडीच हजार, तो पण बहुतेक चार महिन्यांत, आणि तुझा प्लॉट माथेरानच्या पायथ्याला म्हणजे वरून येणारं पाणी वेगळंच. तुझ्या हजार स्क्वेअर फुटाच्या छपरावरच पावसाळ्यात सव्वादोन लाख लिटर पडणार, वीस-बावीस मोठे टँकर. हे पाणी मुरमातून झिरपत खाली जातं, खाली काळा पाषाण लागला की थांबतं, आणि तू नेमका तो पाषाण फोडून त्यात खड्डा केलेला असणार, म्हणजे चारी बाजूंनी पाणी यायला तू स्वतःच हौद बांधून दिलास. बाहेर तीन मीटर पाणी उभं राहिलं तर तळाच्या प्रत्येक स्क्वेअर मीटरला खालून तीन टन उचल, पूर्ण घराला पावणेतीनशे टनांच्या वर. अंडरग्राउंड टाक्या रिकाम्या असताना पावसात वर उचलल्या जातात त्याचं कारण हेच.

ठाण्यात सध्या आमची एक साइट चालू आहे, दोन बेसमेंटची. बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग आहे, म्हणजे खाली आणि बाहेरून शहाबादी फरशी, मधे ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा), तुला माहितीये ती जुनी पद्धत. भिंतीची ओतणी चांगली झालीय, व्हायब्रेटर नीट फिरलाय, हनीकोंब म्हणजे पोकळ राहिलेली जागा कुठं नाही, तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर आतून बघितलं तर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक ओली रेघ, सरळ फुटपट्टीनं मारल्यासारखी, भिंतभर. राफ्ट (तळाचा जाड स्लॅब) आणि त्यावरची भिंत जिथं जोडली जातात तो स्टार्टरचा जॉइंट. वॉटरबार (जॉइंटमधून पाणी जाऊ नये म्हणून घालतात ती पट्टी) टाकलाय पण एका कोपऱ्यात तो काँक्रीट टाकताना दुमडला गेला, आणि पाण्याला तेवढी जागा पुरते, तिथून आत शिरून ते जॉइंट धरून पाहिजे तिथं पळतं. शटरिंगच्या फळ्या धरणारे टाय जिथं काढले त्या भोकांतून पण ठिपके, खाली पांढरे क्षार ओघळलेले. मिस्त्री म्हणाले, साहेब गळतंय इथं पण शिरतंय कुठून ते देवाला माहीत. पार्किंग आहे म्हणून चालतं, ग्राउटिंग करू, खड्ड्यात जमलेलं पाणी उपसायला सम्प पंप आहेच. तुझ्या बेडरूमच्या भिंतीवर ती रेघ आली तर वहिनी तुला त्या सम्पमधेच बसवतील.

आणि गळलं नाही तरी ओल येतेच. जुलैत आपल्या हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार वस्तूवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं, त्यात तू एसी लावून भिंत, फरशी जरा गार केलीस की बंद करून खिडकी उघडताक्षणी सगळ्याला घाम. कपाटामागे बुरशी, चपला हिरव्या. बंद डब्यात हे जास्तच.

तुला वाटेल हा नुसता नाहीच म्हणतोय. तुझं आजोळ सांगलीजवळच्या हरिपूरचं ना, हळदीची पेवं म्हणजे जमिनीतली कोठारं तू लहानपणी बघितली असशील. आपल्या लोकांना जमिनीखाली साठवणं काही नवं नाही, त्या विशिष्ट मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली हवा माणसाच्या कामाची नसते म्हणून. आणि २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. हळदीला जे चालतं ते माणसाला चालेलच असं नाही. उलट कान्हेरी बघ. आपल्या येऊरच्याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, शंभराच्या वर लेणी, आणि त्या लोकांनी एकही खोली खाली खड्ड्यात खोदली नाही, डोंगराच्या उतारात आडवी कोरली, तोंड उघडं, पुढे व्हरांडा, आणि कातळावर पन्हळी काढून पावसाचं पाणी टाक्यांत नेलेलं. त्यांनी आधी पाण्याची सोय लावली मग झोपायची. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांना कळलं ते त्या बकरीवाल्याला कळायची गरज नव्हती, आपल्याला आहे.

तर मी काय करीन ते सांगतो. तुझा प्लॉट उताराचा आहे हे नशीब समज (वाशीसारख्या खाडी भरून केलेल्या जागेत असतास तर मी पत्र एका ओळीत संपवलं असतं). उतार कापून घर आत सरकव, पुढची बाजू पूर्ण उघडी, जोतं पुढच्या जमिनीपेक्षा दोन फूट वर, म्हणजे जे काही पाणी येईल ते आपोआप उताराने पुढे निघून जाईल, पंपाची भानगडच नाही. मागची भिंत डोंगराला टेकवायचीच नाही. डोंगर धरायला वेगळी रिटेनिंग वॉल, वीप होल्स (पाणी बाहेर पडायची भोकं) ठेवून, मागे खडी आणि जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), तळाला भोकांचा पाइप. मग तीन फुटांची गल्ली, तिला गटार, आणि मग घराची भिंत. वरून गल्ली झाकायची पण वारा जाईल अशी. कोकणात घरामागे डोंगर असला की लोक ही मोकळी जागा सोडतातच. गळलं तर गल्लीत गळेल, तू आत शिरून बघू शकशील, आणि मागच्या खोल्यांना तिथूनच सावलीतली हवा मिळेल. मातीचा स्पर्श थोडा जातो, जाऊ दे.

माती फक्त छपरावर आणि दोन बाजूंना. छपरावर दीड फुटाच्या वर नको. तू दोन-तीन फूट म्हणतोयस, पण ओली माती फूटभर जाडीला स्क्वेअर मीटरमागे साडेपाचशे किलोच्या वर जाते, घराचा स्लॅब आपण एरवी २०० किलोच्या लाइव्ह लोडला (माणसं, सामान वगैरेंच्या वजनाला) डिझाइन करतो, दोन फूट टाकलीस तर हजार स्क्वेअर फुटांवर शंभर टनांच्या वर नुसती माती. मग स्लॅब नऊ-दहा इंची, बीम खोल, सळई दुप्पट. दीड फुटात गवत, सोनकी, तेरडा आरामात येतं, झाडं लावायची नाहीत, मुळं मेम्ब्रेन (वॉटरप्रूफिंगची शीट) फोडतात. काँक्रीट कमीत कमी एम२५ ताकदीचं, मी एम३० घेईन, स्लॅग सिमेंट, पाणी कमी, आणि क्युरिंग पूर्ण चौदा दिवस, वॉचमनच्या भरवशावर नाही. स्लॅबला ढाळ द्यायचाच. मग मेम्ब्रेन टॉर्चच्या आचेनं चिकटवून, आणि त्यावर माती टाकण्याआधी कडा बांधून तीन-चार दिवस पाणी उभं करून टेस्ट. कंत्राटदार घाई करेल, करू दे.

एक अडचण आहे, तुझा उतार पश्चिमेकडे उतरतो, म्हणजे उघडी बाजू नेमकी पावसाच्या माऱ्यात आणि दुपारच्या उन्हात. म्हणून पुढे आठ फुटी पडवी, छप्पर खाली झुकलेलं. ती नसेल तर छपरावरची सगळी माती फुकट, उष्णता पुढून काचेतून येणार. तुझी ती पूर्ण भिंतभर काच पण त्यामुळे कट.

स्वस्त पडेल असं समजू नकोस, साध्या घरापेक्षा जास्तच लागेल, आणि तुझा तो कार्बनचा हिशोब, तर सिमेंट बनवताना हवेत गेलेला कार्बन एसीची वीज वाचवून भरून यायला बरीच वर्षं जातील. परवानगीचं पण बघ, बेसमेंटमधे राहायला मंजुरी मिळत नाही, हे घर जोत्यावरचं तळमजल्याचं घर म्हणूनच दाखवता आलं पाहिजे. जमिनीचं एनए (बिगरशेती) झालंय का ते सासऱ्यांना विचार.

आत्ता लगेच एकच काम कर. मेमधे जेसीबी बोलावून घराच्या मागच्या टोकाला दहा फुटी खड्डा घे, बाजूला कुंपण घाल, आणि पावसाळाभर दर रविवारी जाऊन त्यात पाणी किती वर आलंय ते काठीवर खूण करून ठेव. ऑगस्टपर्यंत कुठल्याही कन्सल्टंटला पैसे देऊ नकोस, मला पण नाही. आणि प्लॉटच्या लेव्हल्स (कुठं किती उंच-सखल) पाठव, मोबाइलवर काढलेला फोटो नको, सर्व्हेअरकडून ऑटोकॅडची फाइलच घे, वाचता येत नाही त्या फोटोत काही.

तुझा,
नंदू