आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: क्लिनिकल सायकॉलॉजी शिकायचीय, पण कुठे आणि कोणाच्या पैशाने?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी परभणी जिल्ह्यातली. एमए सायकॉलॉजी झालंय, सध्या एका शाळेत काउन्सेलर आहे, म्हणजे पाटीवर काउन्सेलर, बाकी ऑफ तासाला बदली शिक्षक, गॅदरिंगला सूत्रसंचालन आणि परीक्षेत पेपर वाटायलाही मीच. त्याची तक्रार नाहीये, चालतं.

मागे नववीतल्या एका मुलीचे आईवडील आले होते. मुलगी जेवत नाही, झोपत नाही, बोललं की नुसती बघत बसते. आई म्हणाली, मॅडम तुम्ही त्यातल्याच ना, मग तुम्हीच बघा की. आता खरं सांगायचं तर पुस्तकात काय लिहिलंय ते मला सगळं पाठ आहे, पण शेजारी सीनियर बसलेत आणि मी पेशंटशी बोलतेय आणि नंतर ते मला सांगतायत की तू इथे चुकलीस, हे माझ्या आयुष्यात एकदाही घडलेलं नाही. मी त्यांना नांदेडला जायला सांगितलं. एका खेपेला दोघांची मजुरी बुडते, शिवाय एसटीचं भाडं. गेले नाहीत.

तर हे जे शेजारी बसून शिकवणं आहे ना, ते मिळतं एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजीत, म्हणजे मानसिक आजार ओळखून गोळ्यांशिवाय, चाचण्या आणि थेरपीने उपचार करायच्या शिक्षणात. एमएनंतर पूर्णवेळ दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये, ओपीडी, वॉर्ड, केस हिस्टरी, टेस्टिंग, थेरपी, आणि प्रत्येक रिपोर्टवर सुपरवायझरची लाल शाई. ते झालं की आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर मिळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते लिहिलंय, त्यात माझ्यासारखी नुसती एमए झालेली बसत नाही, आणि बसूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. (चार दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन इन्स्टावर थेरपिस्ट झालेले आमच्याकडेही आहेत, त्यांच्यावर वेगळं पत्र लिहीन.)

पण 2020 च्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद करायचं ठरलं, 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तसे नियम काढले, 2023 च्या डिसेंबरमध्ये पत्रक आलं की एमफिलला अॅडमिशन घेऊ नका, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अरे या डिग्रीवर तर लायसन्स मिळतं, म्हणून 2024 च्या जानेवारीत क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली. म्हणजे दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवायचं आणि गिऱ्हाईकाला सांगायचं, वाकून आत या. आता डिग्रीचं नाव बदला, एमए म्हणा, साय.डी. म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट म्हणा, मला नावाचं काही नाही. माझी भीती एवढीच की नाव बदलता बदलता ती हॉस्पिटलमधली दोन वर्षं वर्गातले सेमिस्टर होऊन जातील.

यात विचारायचं कोणाला हाही एक आजारच आहे. आरसीआय सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, यूजीसी शिक्षणाकडे, 2021 च्या कायद्याने आलेला अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्य व्यावसायिकांचा, आयोग आरोग्याकडे, त्यात सायकॉलॉजिस्ट आहेत पण आरसीआयवाले क्लिनिकल तेवढे बाजूला. राज्यात आलं तर मनोरुग्णालयं तुमच्याकडे आणि मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षणाकडे. आमच्या तलाठी ऑफिसात पण एवढी टेबलं नाहीत.

तुम्ही म्हणाल हा दिल्लीचा विषय. डिग्रीचा आहे, मान्य. पण येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं तुमची आहेत ना? पेशंट आहेत, वॉर्ड आहेत, इमारती आहेत. सीट किती द्यायच्या हे सुपरवायझर किती यावर ठरतं, म्हणजे एक कायमचं पद भरलं तर वर्षाला काही मुलं जास्त शिकू शकतात. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा माणूस दोन वर्षांच्या कोर्सच्या मुलाला कसा शिकवणार, त्याचं स्वतःचंच पुढच्या वर्षी काय ते माहीत नसतं.

आणि पैसा. मी एका खाजगी संस्थेची एन्ट्रन्स पास झाले होते, फीचा आकडा ऐकून वडील काहीच बोलले नाहीत, नुसते उठून गोठ्यात गेले. रोज आठ तास हॉस्पिटलात काम, वर फी आपणच भरायची, वर शहरातली खोली. त्याच ओपीडीत एमडी सायकियाट्री करणाऱ्या डॉक्टरला विद्यावेतन मिळतं, मिळायलाच पाहिजे, पण शेजारच्या खुर्चीवर बसून तोच पेशंट तासभर ऐकणारी मुलगी फी भरून बसते हे कसं काय? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेत, एमफिलच्या मुलांना स्टायपेंड आहे. मग होतं काय की हे शिकतात ज्यांच्या घरी परवडतं ते, आणि ते नंतर पुण्यात-मुंबईत बसतात, त्यांचं चूक नाही, कर्ज फेडायचं तर तिथेच फिटतं. परभणीत कोण येणार?

भाषेचं पण ऐका. शिक्षण सगळं इंग्रजीत, पेशंट सगळा मराठीत. 'अँक्झायटी आहे' असं आमच्याकडे कोणी येऊन सांगत नाही, जीवाची घालमेल होते म्हणतात, काळजात धस्स होतं म्हणतात, डोकं गच्च झालंय, मन उडालंय, कोणाची तरी नजर लागलीय. यातलं कोणतं डिप्रेशन आणि कोणतं नुसतं चार रात्रींचं जागरण हे शिकायला मराठी पेशंट आणि मराठी समजणारा सुपरवायझर दोन्ही लागतात. व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली, त्या बिने-कामत टेस्टचं नाव आजही दिव्यांग सर्टिफिकेटच्या कामात निघतंच. त्या काळी एका माणसाला सुचलं, मग आज चार हॉस्पिटलं मिळून थेरपीचं चांगलं मराठी साहित्य करू शकत नाहीत का? करतील, कोणी सांगितलं तर.

गरज किती याचा आकडा मागाल तर 2015-16 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे 12 राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्र नव्हताच. बाकीच्यांचा सांगते, मोठ्या माणसांत दहा टक्क्यांच्या वर लोकांना काही ना काही मानसिक आजार, आणि बहुतेकांना उपचार नाहीत. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प तुमच्याच खात्याने सुरू केला, म्हणजे गरज आहे हे खात्याला माहितीये. 2025 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या शिक्षणसंस्थेत काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा. छान. पण नेमणार कोणाला? मलाच. त्याच पाटीवर.

मागणं फार नाहीये. चारही मनोरुग्णालयांत सुपरवायझरची कायम पदं भरा, ट्रेनिंगच्या मुलांना स्टायपेंड द्या, हवं तर बाँड लिहून घ्या, दोन वर्षं जिल्हा रुग्णालयात काम कर म्हणा, मी आजच्या आज सही करते. आणि दिल्लीला एक पत्र टाका की डिग्री कोणतीही आणा पण हॉस्पिटलातली पूर्णवेळ दोन वर्षं काढू नका.

उत्तर पाठवलंत तर मराठीत पाठवा. घरी आलेलं पत्र आधी वडील फोडतात, आणि स्टायपेंड हा शब्द त्यांना मी समजावून ठेवलाय.

आपली,
एक शाळा काउन्सेलर, परभणी जिल्हा