शिलावर्तुळांची नोंद सातबाऱ्यावर घ्या

महोदय,

नागपूर जिल्ह्यात भूकरमापक म्हणून माझी सारी नोकरी शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. गटाच्या नकाशात आम्ही विहीर दाखवायचो, देऊळ, नाला, पांदण दाखवायचो. पण पऱ्हाटीच्या मधोमध काळ्या गोट्यांचे मोठे गोल कडे आले, तर त्याला खूणच नव्हती. शेतकरी म्हणायचा, ‘आमच्या आज्यापासून असंच आहे जी,’ आणि त्याचा वखर वळसा घालून जायचा.

ही शिलावर्तुळे म्हणजे लोहयुगातली थडगी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरून १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिले. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर उत्खनने केली. माहुरझरीला पुरलेला घोडा निघाला, तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. शाळेच्या इतिहासात आपण हडप्पा पाठ केला, हे मात्र कुणी सांगितले नाही.

संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी असते. प्रश्न आहे तो खासगी शेतात विखुरलेल्या वर्तुळांचा. जमीन अकृषक होते, ले-आउट पडतो, जेसीबी येतो. गोटे पायव्यात जातात, मधला मातीचा उंचवटा सपाट होतो. जुनापाणीच्या काही गोट्यांवर ओळीने कोरलेले छोटे खळगे आहेत. ते ठरावीक दिशा धरून असावेत, असे अभ्यासकांना वाटते. मोजणीवाल्याला याचा अर्थ लगेच कळतो. गोटा चार फूट सरकला की तो नुसता गोटा उरतो, मग तो उचलून संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवला तरी काय उपयोग?

यात शेतकऱ्याला दोष देऊ नये. उलट इतकी वर्षे ती वर्तुळे त्यानेच राखली. विकत घेणाऱ्याला मात्र जमिनीत काय आहे हे कागदावर कुठेच दिसत नाही, आणि दिसले नाही की ते नसतेच.

म्हणून सूचना साधी आहे. पुरातत्त्व आणि भूमी अभिलेख या दोन्ही खात्यांनी मिळून वर्तुळे मोजावीत, गट नकाशावर त्यांना खूण द्यावी आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक ओळ लिहावी. मालकी शेतकऱ्याचीच राहील, आणि तेवढ्या जागेचा मोबदलाही त्याला मिळावा. पंधरा मीटर व्यासाचे वर्तुळ म्हणजे जेमतेम पावणेदोन गुंठे. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. वर्तुळ तिच्यात धरले, तर बिल्डरचा एकही प्लॉट कमी होत नाही.

– एक निवृत्त भूकरमापक, नागपूर