क्रेगीव्हारचं उभं घर

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

तू सध्या चुन्यात कोपरापर्यंत बुडालेला असणार, म्हणून हे पत्र मुद्दाम तुझ्या कामाचं. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनशायरमध्ये आल्फर्डजवळचा क्रेगीव्हार पाहून आलो. म्हणायला किल्ला, पण आहे ते उभं घर. आपला वाडा चौकाभोवती पसरतो. इथे सगळं एकावर एक चढवलंय.

विल्यम फोर्ब्स हा बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारात गबर झालेला माणूस. लोक त्याला ‘डान्झिग विली’ म्हणत; डान्झिग हे तिकडचं बंदर. जुन्या मालकांनी, मॉर्टिमर घराण्याने, हात टेकल्यावर १६१० मध्ये त्याने ही जागा घेतली आणि १६२६ मध्ये काम पुरं केलं. खालच्या भिंती अगदी सपाट, खिडक्या मोजक्या. आत शिरायला एकच दार, त्यामागे एकमेकांत ओवलेल्या गजांचं लोखंडी फाटक. वर बघ, की शेठजींचा हात सुटलेला! थराथराने पुढे काढलेल्या दगडांवर गोल बुरूज, त्यांना शंकूसारखी छपरं. मला विचारशील तर हा लढायला नाही, मिरवायला बांधलाय.

पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात तर शंकाच उरत नाही. छत गिलाव्याचं, कमानदार. त्यातून नक्षीचे लोलक खाली उतरलेले, मध्ये जुन्या वीरांचे गोल मुखवटे. शेकोटीवर राजाचं भलंमोठं राजचिन्ह. असेच साचे ग्लाम्सच्या किल्ल्यातही दिसतात म्हणे. म्हणजे कारागीर साचे पाठीवर टाकून हिंडत असणार. पुढचे चक्री जिने मात्र इतके अरुंद, की समोरून कोणी आलं तर एकाने मागे फिरायचं. जिन्याजवळ १६६८ चं कोरलेलं वाक्य आहे: झोपलेल्या कुत्र्यांना उठवू नका. वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे नाहीत. ढग आला की छताची नक्षी बसते, ऊन पडलं की उठते.

आता तुझा विषय. बाहेरचा गुलाबी गिलावा म्हणजे चुना आणि बारीक खडी, थापीने भिंतीवर फेकून मारलेली. मध्यंतरी कोणा शहाण्याने सिमेंट थापलं होतं, भिंतींत ओल कोंडली. १९६३ पासून वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे; त्यांनी ते सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. तुझ्या त्या वाड्याच्या मालकाला हे नक्की सांग, सिमेंटचा हट्ट धरून बसलाय ना तो?

आणि एक कळव: रंग चुन्यातच कालवला तर पावसात किती टिकतो? इथे पाऊस आडवा येतो.

तुझा,
अवि